लांब्या की मिश्या

आमच्या सासरी कुठल्याही गोष्टीचा शेवट बघायची पद्धत नाही. नाटक असो, व्याख्यान असो, गाण्याची बैठक असो, संपायला दहा मिनिटं उरली की माझ्या सासऱ्यांचे पाय खुर्चीखाली चपला चाचपायला लागतात. डोळे स्टेजवर, पाय चपलांवर. भैरवीचा पहिला सूर लागतो तेव्हा आमचं घर रिक्षाच्या रांगेत पहिल्या नंबरावर उभं असतं आणि सासरे विजयी आवाजात म्हणतात, "बघ आता मागे किती गर्दी होईल." त्या वाक्यात त्यांना जो आनंद मिळतो, तो आख्ख्या मैफलीत मिळालेला नसतो.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही या एका घराची खोड आहे. मग लक्षात आलं की सोसायटीतले सगळेच म्हातारे असे उठतात. ज्या पिढीने नोकरी फोर्टात केली आणि संसार डोंबिवलीत, तिने मुंबईत जे काही बघितलं ते ठरलेल्या गाडीच्या वेळेपर्यंतच बघितलं. ती चुकली की पुढची कल्याण गाडी कधी, ते देवाला ठाऊक. मधली एक असायची, पण ती ठाण्यापर्यंतच.

माझं माहेर ठाण्याचं, त्यामुळे हा शब्द गेली पंचवीस वर्षं माझ्याकडे बघून उच्चारला जातो. भाजी अर्धी कच्ची राहिली, स्वेटर अर्धा विणून पडला, की सासूबाई म्हणतात, "गेली का गाडी ठाण्यापर्यंतच?" त्यातून माहेर कोलशेतचं. मला बघायला येणार होते तेव्हा आम्ही रुबाबात नुसतं 'ठाणे' कळवलं होतं. कोलशेतला तेव्हा कारखाने, खाडी आणि आम्ही. सासूबाई रिक्षातून उतरल्या, नाकाला पदर लावला आणि मुलाला विचारलं, "अरे, ठाणं मागे राहिलं का पुढे आहे?"

तर शेवट न बघण्याचं एवढं काही नाही. पंचाईत अशी की घरी पोरं विचारतात, मग पुढे काय झालं? आणि डोंबिवलीच्या बापाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही.

आमच्या घरात एका पिच्चरला देव्हाऱ्यातल्या पोथीचं स्थान आहे. त्याचं नाव 'घोड्यांचा पिच्चर'. खरं इंग्रजी नाव सासऱ्यांनी कधी उच्चारलं नाही. अशा पिच्चरला वेस्टर्न म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे वेस्टर्न म्हणजे बोरिवलीकडे जाणारी रेल्वे.

हा पिच्चर सासऱ्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकांबरोबर बघितला. दोघे एका ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. या सोसायटीत घरंही बरोबरच घेतली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर. नवे संसार होते. बायकांना 'आज काम आहे' सांगून दोघे ऑफिस सुटल्यावर थेटरात जाऊन बसले. गोष्ट साधी. दोन जिवलग मित्र. एक उंच, अबोल, मोठेपणी गावचा फौजदार झालेला. दुसरा मिशीवाला, हसरा, गावोगावच्या बँका लुटणारा. फौजदार हा शब्द अर्थातच सासऱ्यांचा. त्यांच्या पिच्चरमध्ये गुत्ता होता, सावकार होता, पाटलासारखा एक म्हातारा होता. मला तर ते गाव कायम मुरबाडसारखं दिसायचं. शेवटी एका कोरड्या नदीत दोघे मित्र समोरासमोर येतात. घोड्यांवरून उतरतात.

इथपर्यंत सासऱ्यांचं आणि काकांचं एकमत. पुढे सासऱ्यांच्या पिच्चरमध्ये लांब्या जगतो आणि काकांच्या पिच्चरमध्ये मिश्या.

लाइट गेले की सोसायटीतली पोरं गच्चीवर जमायची आणि हा पिच्चर सांगायचा आग्रह व्हायचा. एकदा सासरे सांगायचे, एकदा काका. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये एक आख्खी पिढी अशी वाढली जिच्यातली निम्मी लांब्याची आहे आणि निम्मी मिश्याची. माझा नवरा लांब्याचा. काकांचा मुलगा मिश्याचा. लहानपणी दोघांची याच्यावरून मारामारी होऊन एकाचा दात पडला होता. कोणाचा, याबद्दलही दोन मतं आहेत.

लग्नानंतर पहिल्या आठवड्यात काका-काकू मला बघायला खाली आले. पोहे झाले, चहा झाला. सासऱ्यांनी गंभीरपणे विचारलं, "सूनबाई, एक सांगा. माणसाने काहीच न करता नुसतं उभं राहणं, हा अभिनय की नाही?"

काका लगेच म्हणाले, "असं नका विचारू. असं विचारा, माणूस तोंडाने हसतोय पण डोळ्यांनी हसत नाही, हा अभिनय की नाही?"

मला वाटलं, सासरी सुनेने कसं वागायचं याची परीक्षा चालली आहे. मी म्हटलं, "दोन्ही जमलं तर बरं."

"हुशार आहे हो," सासूबाई काकूंना म्हणाल्या, "पण ठाण्यापर्यंतच."

मग ते दोघे माझ्या समोरच सुरू झाले. सासऱ्यांचं म्हणणं, लांब्या पूर्ण पिच्चरमध्ये चार वाक्यं बोलतो, पण तो दारात उभा राहिला की दार भरतं. काकांचं म्हणणं, दार कपाटानेही भरतं. "तुमचा लांब्या म्हणजे लोखंडी कपाट. मिश्याने सगळा पिच्चर खांद्यावर घेतलाय." सासरे म्हणाले, "मिशीवर घेतलाय. मिशी काढा, खाली काही राहत नाही." सासूबाईंनी हा पिच्चर बघितलेला नव्हता, पण त्यांचं मत ठाम होतं. "काही न करता उभं राहणं हा अभिनय असेल, तर आमच्या घरात भाजी आणायच्या वेळी रोज मोठमोठे नट उभे असतात."

दोघांचे शेवट वेगळे का, याचा विचार मीही केला होता. मी स्वतःला पहिल्यापासून जरा जाणकार समजते. लग्नाआधी दोन रविवार सिनेमाचा रसास्वाद शिकवणाऱ्या एका वर्गाला गेले होते. तिसऱ्या रविवारी वर्ग संपणार होता, त्याला नेमकं माझं केळवण होतं. त्या बळावर मी ऑफिसच्या एका कार्यक्रमात 'आठवण किती फसवी असते' या विषयावर याच पिच्चरचं उदाहरण देऊन बोलले. एकाच कलाकृतीचे दोन साक्षीदार, दोन सत्यं, वगैरे. टाळ्या पडल्या. खरं कारण इतकं साधं असेल, हे माझ्या जाणकारीला कधी सुचलं नाही.

ते बाहेर आलं सोसायटीच्या मीटिंगमध्ये. बिल्डिंग पाडून नवी बांधायची होती. बिल्डरने करारनाम्याचा जाडजूड गठ्ठा पाठवला होता. सगळे सह्या करायला तयार, आणि सासरे उभे राहिले. म्हणाले, "मी हे शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय सही करणार नाही."

काका हसले. त्यांच्या मनात काही वाईट नसावं, पण समोर पन्नास माणसं होती आणि पन्नास माणसं समोर असली की काकांमधला मिश्या जागा होतो. ते म्हणाले, "शेवटपर्यंत? तुम्ही? अहो मंडळी, हे गृहस्थ इतकी वर्षं तुमच्या पोरांना घोड्यांच्या पिच्चरचा शेवट सांगतायत ना? यांनी तो बघितलेलाच नाही! घोड्यावरून ते दोघे उतरले आणि खुर्चीवरून हे उठले. गाडीसाठी! मी शेजारी होतो ना!"

सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने हसली ती गच्चीवरची जुनी पोरं, जी आता टक्कल पडून, सोसायटीची सभासद होऊन पुढच्या रांगेत बसली होती. 'मी शेजारी होतो' म्हणणारा माणूसही त्याच गाडीने घरी आला होता, म्हणजे त्यानेही शेवट बघितला नव्हता, हे त्या हशात कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

सासऱ्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि मीटिंग संपायच्या दहा मिनिटं आधी घरी आले. मला म्हणाले, "पिच्चर दोघांनी सोडला होता. ते आमच्या दोघांचं होतं." बस, एवढंच. मग त्यांनी करारनामा शेवटच्या पानापर्यंत वाचला, दोन चुका काढल्या, सही केली, आणि काकांशी बोलणं बंद केलं.

त्या दिवसापासून आमचा जिना म्हणजे ती कोरडी नदी झाला. सासरे दूध आणायला उतरले की काका वर थांबत. बायकांचं मात्र व्यवस्थित चालू होतं. वाटीतून आमटी वर जायची, खरवस खाली यायचा. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांचं भांडण ह्यांच्या थेटरातलं. आम्हाला कुठे नेलं होतं?"

मलाही सुरुवातीला गंमत वाटली. मग बिल्डरने घरं रिकामी करायचा महिना कळवला आणि गंमत संपली. काका-काकू मुलाकडे ठाण्यात माजिवड्याला, टॉवरमध्ये जाणार होते. आमचं भाड्याचं घर ठरलं डोंबिवली पश्चिमेला. पूर्वेचा माणूस पश्चिमेला राहायला जाणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. त्यापुढे माजिवडा म्हणजे परदेश. बिल्डर तीन वर्षं म्हणत होता. बिल्डरची तीन वर्षं म्हणजे किती, हे इथे सगळ्यांना कळतं, आणि या दोघांची वयं काय, तेही. आता बोलले नाहीत तर बहुतेक राहिलंच. हे कोणी तोंडाने म्हणत नव्हतं. सासरे संध्याकाळी खुर्ची दरवाजाच्या तोंडाशी घेऊन बसत, दार थोडं उघडं ठेवून. "हवा येते," म्हणायचे. जिन्यातून हवा येते हे मी प्रथमच ऐकत होते. वरून काकांच्या पावलांचा आवाज आला की पेपर उंच धरायचे.

मग मी, जाणकार, मैदानात उतरले. म्हटलं, पिच्चर शोधायचा, दोघांना शेजारी बसवायचं आणि शेवट दाखवायचा. एकदा सत्य समोर आलं की भांडण मिटतं, अशी माझी समजूत होती. पंचवीस वर्षं संसार करूनही अशी समजूत टिकते, याचं माझं मलाच कौतुक वाटतं.

पिच्चरचं नाव माहीत नसल्याने मोबाइलमध्ये 'दोन मित्र, एक फौजदार, एक दरोडेखोर, कोरडी नदी' असं इंग्रजीत लिहून शोधलं. बरेच फौजदार आणि बऱ्याच नद्या चाळल्यावर एक फोटो आला. दारात एक उंच माणूस उभा. दार भरलेलं. मी सासऱ्यांना दाखवला. ते मेथी निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली. "हाच," ते म्हणाले, आणि जरा वेळाने, "जरा बारीक दिसतोय."

त्या पिच्चरखाली प्रेक्षकांची मतं होती, जगभरच्या लोकांनी लिहिलेली, संपता संपत नव्हती. सासरे म्हणाले, "वाच बघू काय म्हणतायत." मी मराठी करून वाचायला लागले. एकाने लिहिलं होतं की लांब्याचं काम लाकडी आहे. सासरे म्हणाले, "त्याला काय कळतंय? पुढचं वाच." दुसऱ्याने लिहिलं होतं की मिशीवाला उत्तम आहे, पण काही दृश्यांत मिशी खोटी असल्याचं कळतं. सासऱ्यांनी मेथीच्या पाटीवर हात आपटला. "बघ! हे मी त्या माणसाला... " आणि थांबले. मग देठ खुडत म्हणाले, "सहज वर गेलीस कधी, तर सांग. मुद्दाम नको जाऊस."

मी मुद्दाम गेले. काका म्हणाले, "खोटी असेल. खोट्या मिशीत इतकं खरं काम केलं, हे कोणी लिहिलंय का? नसेल तर लिही म्हणावं." मी खाली येऊन ते सांगितलं. अशी आठवडाभर मी टपालकी केली. एकाने पिच्चरला एकच तारा दिला होता, कारण मागवलेल्या सीडीचं पार्सल फुटकं आलं होतं. एकीला फक्त टोप्या आवडल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, 'वडिलांबरोबर बघितला होता, ते गेले, आता एकट्याने बघवत नाही.' ते वाचल्यावर सासरे म्हणाले, "हे मत बरोबर आहे." त्यात मत कुठलं होतं, ते मी विचारलं नाही.

पण गंमत अशी, की शेवटाजवळ आला की प्रत्येक जण लिहायचा, 'शेवट काय होतो ते मी सांगणार नाही.' सगळ्यांचं तेच. भारावून गेलो, थक्क झालो, अंगावर काटा आला, शेवट सांगणार नाही.

सासरे हसायला लागले. मीटिंगनंतर प्रथमच हसले. "अगं, म्हणजे यांनीही बघितला नाही! सगळे डोंबिवलीचे दिसतायत."

मी हेही वर पोचवलं. काका आधी हसले, मग चष्मा पुसत बसले. म्हणाले, "हे त्याने म्हटलं? त्यालाच सुचणार."

रविवारी दुपारी चारला पिच्चर ठेवला. आमच्या हॉलमध्ये बांधलेली खोकी होती. सोफा आधीच विकला गेला होता, म्हणून सोसायटीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. काका येतील की नाही, हा प्रश्न काकूंनी सोडवला. त्या म्हणाल्या, "मला बघायचाय. मला एकटीला जिना उतरवत नाही." ज्या बाई रोज चार वेळा वाटी घेऊन खाली यायच्या, त्यांना त्या दिवशी जिना उतरवेना. काका हात धरून घेऊन आले. दारात थांबले. सासरे दारात जाऊन उभे राहिले, काहीच न करता. दार भरलं. मग बाजूला झाले.

मी खुर्च्या अशा लावल्या होत्या की दोघांना शेजारीच बसावं लागेल. दोघे बसले. दोघांच्या मध्ये सासूबाईंनी चिवड्याची ताटली ठेवली, सीमारेषेसारखी.

खाली मराठी वाक्यं येत होती, पण ती वाचायची गरज कोणाला नव्हती. सासरे पुटपुटत पुढची वाक्यं आधीच सांगत होते, आणि ती खालच्या वाक्यांशी अजिबात जुळत नव्हती. त्या दोघांनी तेव्हा इंग्रजीतलं फारसं समजून घेतलेलं नव्हतं, हे उघड झालं. 'पाटलासारखा म्हातारा' हा दातांचा डॉक्टर निघाला. नवरा म्हणाला, "बाबा, तुम्ही सावकार सावकार म्हणायचा, तो तर न्हावी आहे!" सासरे म्हणाले, "सावकारीही करत असेल. लहान गाव आहे."

खरी मतं बायकांची होती. त्या हा पिच्चर पहिल्यांदाच बघत होत्या, आणि ज्या पिच्चरसाठी नवऱ्यांनी खोटं बोलून यांची जेवणं थंड केली, तो आहे तरी काय, हे तपासायला बसल्या होत्या.

"याचा शर्ट पांढरा कसा राहतो हो एवढ्या धुळीत?" काकूंनी विचारलं.

"धुणारी कोणीतरी असणार. ती नाही दाखवत," सासूबाई म्हणाल्या.

"हा जेवतो कधी?"

"जेवायच्या वेळी बाहेरच असतो. ऑफिसात काम असतं." हे म्हणताना त्यांनी सासऱ्यांकडे बघितलंही नाही. सासऱ्यांनी चिवड्यातला शेंगदाणा शोधायला घेतला.

थोड्या वेळाने सासूबाईंनी निकाल दिला. "घोड्याचं काम सगळ्यात चांगलं आहे. त्या काळ्या घोड्याचं. दोघांपेक्षा जास्त कळतंय त्याला."

आणि मग ती नदी आली. कोरडं पात्र, गोटे, वर पांढरं ऊन. दोन घोडे समोरासमोर थांबले. मी पिच्चर सोडून दोघांच्या तोंडाकडे बघत होते. आता बघतील, आता समजेल, आता मिटेल. पडद्यावर लांब्याने रिकिबीतून पाय काढला.

सासऱ्यांचा पाय खुर्चीखाली गेला. चाचपायला लागला.

शेजारच्या खुर्चीखाली दुसरा पाय चाचपत होता.

दोघेही एकदमच उठले. नवरा म्हणाला, "अहो बाबा, आता तर खरं..."

"पुढचं माहितेय मला," सासरे म्हणाले.

"मलाही," काका म्हणाले. आणि दोघे दाराबाहेर गेले.

मी काय करायला हवं होतं? पिच्चर थांबवायला हवा होता. पण हातातला रिमोट खोक्यावर टाकून मी दाराशी धावले. जिन्यात मधल्या वळणावर दोघे उभे होते. सासरे कठडा धरून, काका भिंतीला टेकून. दोन पायऱ्यांचं अंतर. मी दाराआड.

मग काका म्हणाले, "माझी चप्पल घातलीयस तू."

सासऱ्यांनी खाली बघितलं. "मग तू माझी घातली असशील."

"एक तुझी आहे. एक आमच्या हिची दिसतेय."

दोघे खाली बघत राहिले. चपला कोणीच बदलल्या नाहीत. काका म्हणाले, "मीटिंगमध्ये मी ते बोललो..."

"खोटं कुठे बोललास?"

"अर्धं बोललो. मीही उठलो होतो, ते नाही बोललो." मग घसा खाकरून म्हणाले, "लांब्याने काम चांगलं केलंय रे. आज बघितलं. तो दारात उभा राहतो ना, तिथे... आपल्याला तेव्हा कळलं नव्हतं. मला कळलं नव्हतं."

माझे सासरे आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघत होते, ते हे. मला वाटलं, आता छाती फुगवतील. ते म्हणाले, "छे छे. मिश्याने खाल्लं त्याला. तो हसतो आणि ग्लास खाली ठेवतो, त्या ग्लासमध्ये अभिनय आहे. लांब्या जरा लाकडीच आहे."

"लाकडी कसला? दार भरतो तो!"

"दार कपाटानेही भरतं. तूच म्हणायचास."

"मी काहीही म्हणायचो! मिशी खोटी आहे, तुझी सून स्वतः वाचून गेली!"

"खोट्या मिशीत खरं काम केलं, ते कोणी बघायचं?"

आवाज चढले. खालच्या मजल्यावरचं दार उघडून कोणीतरी विचारलं, "काय झालं हो? भांडण का?" दोघांनी एकदमच सांगितलं, "नाही, पिच्चर." मी दाराआड उभी राहून डोळे पुसले. दोघे एकमेकांची बाजू घेऊन तितक्याच जोरात भांडत होते, आणि पाच महिने आमच्या जिन्यातून जी हवा येत नव्हती ती आता येत होती.

मी आत आले तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. नवरा हॉलमध्ये नव्हता. तो स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होता. रक्ताचा दोष, दुसरं काय. म्हणजे आमच्या घरात हा पिच्चर शेवटपर्यंत बघितला तो फक्त दोन माणसांनी. सासूबाई आणि काकू शेजारी शेजारी बसल्या होत्या. सासूबाईंच्या मांडीवर काकूंचा हात होता.

"काय झालं शेवटी?" मी विचारलं. "कोण राहिलं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "झालं ते झालं," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात दोघे हिरो आत आले. सासऱ्यांनी चहाचा कप घेतला आणि पडद्याकडे न बघता बायकोला विचारलं, "काय, मी सांगत होतो तसंच ना?"

सासूबाई म्हणाल्या, "हो."

काकांनी काकूंकडे बघितलं. "आणि मी सांगत होतो तसं?"

काकू म्हणाल्या, "अगदी तसंच."

दोघांनी माना डोलावल्या आणि चहा फुंकला. दोघांचंही खरं कसं असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो फक्त मला पडला. मी म्हटलं ना, मी जाणकार आहे.

आता काका माजिवड्याच्या टॉवरमध्ये आहेत आणि आम्ही पश्चिमेला. रोज संध्याकाळी फोन होतो. काका लांब्याची बाजू घेतात, सासरे मिश्याची. टॉवरमध्ये जिनाच उतरायला मिळत नाही, अशी काकांची तक्रार आहे. फोन नेहमी सासरेच ठेवतात, समोरचा 'बरं, ठेवतो' म्हणायच्या जरा आधी.

पिच्चर माझ्या मोबाइलमध्ये आहे. एक बोट लावलं की शेवट दिसेल. मी लावत नाही. एवढं मनावर घेतलेलं काम स्वतः मध्येच सोडून धावल्यावर तो शेवट असा चोरून बघणं बरं दिसत नाही. सासूबाईंना मात्र अधूनमधून विचारते. परवा त्या वाटाणे सोलत होत्या. मी शेजारी बसून मदतीला हात लावला आणि म्हटलं, "आई, सांगा ना. मी काही कोणाला सांगत नाही."

त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. दोन मित्र, फौजदार, बँका, तो काळा घोडा, त्याचे डोळे. छान सांगतात, सासऱ्यांपेक्षा छान. नदी आली. ऊन आलं. दोघे घोड्यांवरून उतरले. त्यांनी एक शेंग उचलली, फोडली, दाणे वाटीत टाकले आणि दुसरी शेंग घेतली.

"आणि मग?"

"तू ठाण्याची ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग इथपर्यंतच."